आठची गोळी

गिरणीवाल्या अक्का कुणाला तोंडावर खोटारडा म्हणायच्या नाहीत, पण गोळीच्या बाबतीत कुणाच्या शब्दावरही जायच्या नाहीत. सरळ तोंडात बघायच्या. "आ कर," म्हणायच्या. आ केला की "जीभ वर." जीभ वर केली की चष्मा कपाळावर सरकवायच्या, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायच्या, आणि सगळं तपासून झाल्यावर म्हणायच्या, "गेली. जा आता कामाला." सहा महिने रोज सकाळी आठ वाजता माझी ही तपासणी झाली आहे. सत्तावीस वर्षांचा बाप्या, लेथवर लोखंड कापणारा, आणि गिरणीच्या दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांदेखत आ वासून उभा! आज हसू येतं. तेव्हा असा संताप यायचा की विचारू नका.

सात-आठ वर्षं झाली याला. मी पलूसकडचा. घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि मी कुपवाडला एका लहानशा कारखान्यात लेथवर. अक्कांच्या गिरणीच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिथं भाड्यानं राहायचो. अक्का जैन. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गिरणी एकट्या चालवायच्या. भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ. भिंतीवरच्या घड्याळावरही पीठ. वेळ बघायची तर आधी पदरानं काच पुसावी लागायची. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. मी त्यांचा 'लेथवाल्या'.

गिरणीची त्यांची रीत त्यांचीच होती. डबा आला की झाकण काढून मूठभर धान्य तळहातावर पसरायच्या. एक जरी किडा वळवळताना दिसला की डबा परत. "निवडून आण बाई. मी जीव दळत न्हाई." बायका वैतागायच्या, पलीकडच्या गिरणीत जाते म्हणून तणतणत निघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गहू निवडून मुकाट्यानं इथंच यायच्या, कारण अक्कांचं पीठ बारीक असायचं आणि जळकं लागायचं नाही. दिवस मावळायच्या आत पट्टा उतरायचा. दिव्याला चिलटं येतात, ती पिठात पडतात, म्हणून संध्याकाळी दळण नाही. स्वतःचं जेवणखाणही त्याच्या आत. एकदा सूर्य गेला की दुसऱ्या दिवशी उगवून दोन घटका, म्हणजे पाऊण तासाच्या वर वेळ होईपर्यंत, तोंडात पाण्याचा थेंब नाही. ऐन उन्हाळ्यातसुद्धा नाही. मी एकदा म्हणालो, "अक्का, पाण्यानं काय होतंय?" तर म्हणाल्या, "काय होत न्हाई. म्हणून तर ऱ्हाता येतंय."

आणि नियम घ्यायचा त्यांना नाद होता. नाद हा शब्द त्यांना आवडला नसता, पण मला दुसरा सुचत नाही. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, रोज सकाळी जायच्या आणि तिथं देवासमोर काही ना काही नियम घेऊन यायच्या. एका चातुर्मासात साखर सोडली. एकदा वांगं सोडलं. एकदा तर रागावणं सोडलं. चार महिन्यांसाठी सोडलं होतं, ते आठव्या दिवशी मोडलं, आणि माझ्यामुळंच मोडलं. मी मोटारसायकल नेमकी डब्यांच्या रांगेत लावली होती. नियमाबद्दल त्यांचं एक सांगणं होतं: "नियम ल्हान घ्यावा, पण मुदत बांधून घ्यावा. कवापतुर, ते आधी ठरवायचं. मुदत बांधली न्हाई तर तो सुटत न्हाई बाबा." मी हे ऐकलं, हो हो म्हणालो आणि विसरून गेलो. माझ्यासारख्या दिवसाला सात चहा पिणाऱ्याला नियम-बियम कशाला हवा होता?

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला खोकला धरला. मेडिकलमधनं औषधाच्या बाटल्या आणल्या, हळदीचं दूध झालं, खोकला हलेना. पँटी कंबरेवरनं घसरायला लागल्या तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. थुंकी तपासली. क्षय. मला वाटलं संपलं सगळं. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "पूर्ण बरा होतो. रोज गोळ्या, सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडलंत, चुकवत राहिलात, तर रोग ह्या गोळ्यांना दाद देणार नाही. मग फार अवघड जातं." दोन दिवसांनी आशाताई माझ्या खोलीवर गोळ्या घेऊन आल्या. रोजच्या तीन, एकदम, उपाशीपोटी. त्यांनी विचारलं, "गोळी कुणासमोर घेणार? घरचं कुणी आहे?"

"मी फोनला गजर लावतो," मी म्हणालो.

अक्का दारात उभ्याच होत्या. "गजर वाजंल," त्या म्हणाल्या. "गोळी कोण गिळणार? गजर?" मग आशाताईंच्या हातातनं डबा घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या म्होरं घेईल. सकाळी आठला. लिहून घ्या."

झालं. गोळ्यांचा डबा गिरणीच्या फळीवर जाऊन बसला. गोळ्या तीन असल्या तरी अक्कांच्या लेखी ती 'गोळी'. पहिले पंधरा-वीस दिवस मला तोंडाला रुमाल बांधून बायकांपासून लांब, उघड्यावर उभं करायच्या, पाण्याचा तांब्या कट्ट्यावर ठेवायच्या. शेजारच्या सुमनवहिनी रोज दळणाला यायच्या. आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र म्हणा ना. त्यांनी एकदा विचारलंच, "कसलं औषध हो अक्का त्याचं?" अक्का खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं. अक्का म्हणाल्या, "बरं व्हायचं औषध. तुज्या ज्वारीत खडं हायत, बघ." विषय तिथंच मिटला.

तिसऱ्या आठवड्यात मला गोळ्यांचा वीट आला. मळमळायचं, लघवी केशरी व्हायची, जेवण बघवेना. एक दिवस दोन गोळ्या गिळल्या आणि तिसरी जिभेखाली धरली. आ केला. अक्का "बरं" म्हणाल्या. मी जायला वळलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आज पाळी कंची रं?" मी बोललो आणि फसलो. तोंडात गोळी ठेवून 'दुसरी' म्हणून बघा. त्यांनी आवाज चढवला नाही, तांब्या पुढे केला. "थुकू नगंस. गीळ. सरकारनं दिलीया, लोकांच्या पैशाची हाय." त्या दिवसापासून 'आ कर'च्या मागं 'जीभ वर' लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानातनं लिंबं आणून त्यांनी मला लिंबाचं लोणचं घालून दिलं, मळमळीसाठी. बरणी अजून माझ्याकडं आहे.

आणखी एक गोष्ट होती. माझी गोळी झाल्याशिवाय गिरणीचा पट्टा चढत नसे. आठला गोळी, मग अक्का आत जायच्या, दहा-पंधरा मिनिटांनी पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि गिरणी लावायच्या. मला एखाद दिवशी उठायला उशीर झाला की डबेवाल्या बायका माझं दार वाजवायच्या. "उठ की रं! तुज्या गोळीपायी आमच्या भाकरी राहिल्या." मला वाटायचं, म्हातारीनं बायकांना माझ्यावर सोडायची युक्ती काढलीय. त्या दहा-पंधरा मिनिटांत अक्का आत काय करतात, हे मी कधी विचारलं नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत मी चांगला झालो होतो. खोकला गेला, अंगावर मूठभर मांस चढलं, मालकानं ओव्हरटाइम द्यायला सुरुवात केली. चैत्रात आमच्या गावची यात्रा आली. रविवारी पालखी, सोमवारी कुस्त्या. मी शनिवारी संध्याकाळी निघालो. अक्कांनी दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून हातात दिल्या. "आठला फोन करते. घे म्हंजे झालं."

आता विसरलो म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर घरी कुणालाच माझ्या आजाराचा पत्ता नव्हता. आईनं पुडी बघितली असती तर यात्रेच्या घरात रडारड झाली असती, आणि माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. वर मनात आलं, आता काय झालंय मला? दोन दिवसांनी काय जग बुडतंय? मी पुडी माझ्या खोलीच्या खिडकीतच ठेवली आणि गाडीला किक मारली. रविवारी आठला फोन आला. "घेतलीस?" "घेतली अक्का." "बरं." सोमवारी पुन्हा आठला. "घेतलीस?" "घेतली की." यावेळी त्या जरा थांबल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी दुपारभर मी कुस्त्यांच्या मैदानात. हलगीच्या आवाजात फोन वाजलेला कळणार कसा? पावणेसहाला खिशातनं काढला तर सुमनवहिनींचे अकरा मिस कॉल. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"कुठं तडफडलायस रं?" वहिनी ओरडल्याच. "अक्का पडून हायत. काल दुपारपास्नं पोटात पाण्याचा थेंब न्हाई. आज गिरणी लावली न्हाई. चहा नेला, नगं म्हणाल्या. पाणी नेलं, नगं. लय खोदून इचारलं तवा म्हणाल्या, लेथवाल्याची गोळी व्हायचीय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तू गोळी घेतल्याबिगर पाणीसुदिक प्यायचं न्हाई, असा नियम हाय त्यांचा. पहिल्या दिसापास्नं. मला बी आजच सांगितलं."

लाज वाटते सांगायला, पण माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मग सांगा ना त्यांना, घेतली म्हणून."

वहिनी म्हणाल्या, "पुडी त्यांच्या हातात हाय, मुडद्या."

झालं होतं असं, की जाताना माझा खोलीतला नळ उघडाच राहिला होता. रविवारी दुपारी पाणी सुटलं, ते दाराखालनं बाहेर आलं. अक्कांनी त्यांच्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं, नळ बंद केला, आणि खिडकीत पुडी बघितली. त्या घटकेपासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं.

आता मला तरी वाट कुठं होती? गोळ्या कुपवाडला, त्या काही गावच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नव्हत्या. फोनवर माझ्या शब्दाला किंमत राहिली नव्हती, ती मीच घालवली होती. आणि दिवस पावणेसातला मावळणार होता. त्याच्या आत पोचलो तर अक्का पाणी पितील. नाही पोचलो तर दुसऱ्या सकाळपर्यंत नाही. साठी ओलांडलेलं माणूस, चैत्रातलं ऊन, आणि कालपासून कोरडा घसा. मी आईला सांगितलंसुद्धा नाही. गाडी काढली आणि निघालो.

त्या दिवशी मी गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत. यात्रेच्या गर्दीतनं गावाबाहेर पडायलाच पंधरा मिनिटं गेली. उजवीकडं सूर्य खाली खाली जात होता आणि माझं निम्मं लक्ष त्याच्यावर. अजून हातभर वर आहे, अजून वीतभर आहे. आणि वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी होती. संपता संपेना. मी त्या फाटकाशी उभा राहून, देवधर्म न मानणारा माणूस, सूर्याला हात जोडले. म्हटलं थांब बाबा जरा. तो कशाला थांबतोय? गाडी गेली, फाटक उघडलं, तेव्हा उसाच्या फडामागं नुसता तांबडा उजेड उरला होता.

अक्का गिरणीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. बाजूला सुमनवहिनी तांब्या घेऊन तयार. अक्कांनी मूठ उघडली. पुडी घामानं ओली झाली होती. मी एका दिवसाच्या गोळ्या गिळल्या, न सांगता आ केला, न सांगता जीभ वर केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं. "गेली," म्हणाल्या. वहिनींनी लगबगीनं तांब्या पुढं केला. अक्कांनी पश्चिमेकडं बघितलं आणि तांब्या हळूच बाजूला सारला. "दिवस गेला. ऱ्हाऊ दे. सकाळी."

मी रडलो. आमच्याकडं बाप्या माणसानं बायकांदेखत रडायचं नसतं. मला ते त्या दिवशी जमलं नाही. अक्कांचे पाय धरले. म्हटलं, एक घोट घ्या, माझ्यासाठी घ्या, पाप लागलं तर मला लागू दे. अक्का म्हणाल्या, "रडू नगंस. खोटं बोललास ते तुजं तू बघ. पण काल सकाळी तू 'घेतली' म्हणालास आन् मी भाकरी खाल्ली. माजा नियम तवाच मोडला. आज सकाळी मला ठावं हुतं. तरी इचारलं. म्हटलं, बघावं खरं बोलतोय का."

वहिनी गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांनी रक्तदाब बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. "अक्का, तुमची गोळी कधी चुकली?"

अक्कांना स्वतःला रक्तदाबाची गोळी होती, हे मला तेव्हा कळलं.

"आजचीच," अक्का म्हणाल्या. "आधी त्याची गोळी, मग माजी भाकरी, मग माजी गोळी. असा क्रम हाय." ती दहा-पंधरा मिनिटं! डॉक्टर दवाखान्यात चला म्हणाले, सलाईन लावतो म्हणाले. अक्का म्हणाल्या, "सकाळी बघू." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

सकाळी मी उन्हं वर यायची वाट बघत घड्याळाची काच पुसत उभा होतो. बरोबर दोन घटका झाल्या. मी पाणी आणलं, तर अक्का म्हणाल्या, "आधी तुजी." मी गोळी घेतली, तोंड दाखवलं, आणि मग अक्का पाणी प्यायल्या. एका दमात नाही, थांबून थांबून. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. मग मऊ भात, मग त्यांची गोळी. दवाखान्यात जायची वेळ आली नाही, देवाची कृपा. तीन दिवसांनी गिरणी लागली. मोडलेल्या नियमाचं म्हणून अक्कांनी महिनाभर मीठ सोडलं. माझ्यापायी म्हातारी अळणी भाकरी खात होती आणि मी शेजारी बसून ते बघत होतो. त्या महिन्यात मी घरी जाऊन आईला सगळं खरं सांगितलं.

नंतर माझी गोळी कधी चुकली नाही. सहा महिने झाले, थुंकी साफ आली. अक्का बस्तीत जाऊन आल्या, म्हणाल्या, "मुदत सरली. सुटला नियम." आणि गूळ घालून शिरा केला. लग्न ठरायच्या वेळी त्यांनी मला दम दिला, "पोरीला खरं सांग. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगणार." मी सांगितलं. पोरगी म्हणाली, "आता बरं हाय न्हवं?" तीच आज माझी बायको. पुढं मला शिरवळला मोठ्या कंपनीत काम लागलं आणि आम्ही कुपवाड सोडलं. निघताना अक्का दळत होत्या. पट्टा चालू होता, त्यामुळं काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. हात हलवला तेवढा दिसला.

मी रविवारी फोन करायचो. पण दोनेक वर्षांपूर्वी अक्कांचं विसरणं वाढायला लागलं. दळलेला डबा पुन्हा दळायला घ्यायच्या, बस्तीतनं येऊन पुन्हा बस्तीला निघायच्या. गिरणी सुमनवहिनींनी चालवायला घेतली, आणि अक्कांचं जेवणही तिकडंच सुरू झालं. मी फोनवर विचारायचो, "अक्का, गोळी घेतली?" "घेतली की रं." एकदा सुट्टी काढून गेलो, फळीवरचा डबा उघडला, तर महिन्याच्या गोळ्यांची निम्मी पाकिटं भरलेली. अक्का खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटायचं, घेतली. रोजची सकाळ सारखीच, त्यात आजची कुठली आणि कालची कुठली? वहिनी म्हणाल्या, "मी सांगते तर माज्यावर डाफरत्यात. मी काय खोटं बोलते व्हय, म्हणत्यात."

मग मी अक्कांच्या समोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, उद्यापासनं नियम. तुमची गोळी ह्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मी सकाळचा चहा पिणार न्हाई." मी चहाबाज, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्या म्हणाल्या, "कवापतुर?"

"ते बघू पुढं."

"मुदत बांध."

"बांधतो की," म्हणालो. आणि बांधली नाही. काय बांधणार होतो? कुठल्या तारखेपर्यंत?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता शिरवळहून कुपवाडला व्हिडिओ कॉल. वहिनी फोन धरायच्या. आधी गिरणीचं छप्पर दिसायचं, मग पट्टा, मग एकदाच्या अक्का. "ह्या डबड्यातनं बघणार व्हय हा?" "बघतोय. आ करा." अक्का आ करायच्या. "जीभ वर." त्या वर करायच्या. "उजेडाकडं फिरा." पहिल्या दिवशी त्यांना इतकं हसू आलं की गोळीच बाहेर आली. माझी बायको चहाचं भांडं गॅसवर ठेवून माझ्या खांद्यावरनं डोकवायची. "मला न्हाई दिसलं. पुन्हा करायला सांगा." पुन्हा आ. "गेली," मी म्हणायचो, आणि मग बायको चहा गाळायची. मी चहावाचून खोळंबलोय, हे मात्र अक्का कधी विसरल्या नाहीत. मी कोण, ते विसरायच्या. "कोण रं तू?" विचारायच्या. "लेथवाल्या." "मग बसलायस काय? जा की कामाला."

कंपनीत पहिली पाळी आली की मी आठला मशीनच्या मागं जाऊन फोन लावायचो. सोबतचे चेष्टा करायचे, "सायबांचा तोंडाचा दवाखाना सुरू झाला." करू देत. एक दिवस चुकला नाही.

गेल्या माघात एका सकाळी आठला फोन लावला. वहिनींनी उचलला, पण फोन फिरवला नाही. नुसता त्यांचाच चेहरा.

"आज नगं," म्हणाल्या.

"का?"

"अक्का गेल्या रं. बस्तीला निघाल्या हुत्या. चप्पल घालाय म्हणून बसल्या, त्या बसल्याच."

माणूस अशा वेळी काय बोलेल सांगता येत नाही. मी विचारलं, "गोळी?"

वहिनींना राग आला नाही. "कालची तू बघितलीस न्हवं," म्हणाल्या. "आजची येळ झाली न्हवती."

कुपवाडला जाऊन आलो. खांदा दिला. गिरणी त्या दिवशी बंद होती, ती त्या यात्रेच्या वेळेनंतर पहिल्यांदाच. परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता बायकोनं चहा पुढं ठेवला. मला तो घेता येईना. गोळी बघितल्याबिगर चहा नाही, असं मी बोलून बसलो होतो; आता गोळी कुणाची बघायची? बायको म्हणाली, "नियम संपला की आता." पण संपला कसा? मुदतच बांधली नव्हती. मी सकाळचा चहा सोडला. डोकं दुखायचं, कामावर चिडचिड व्हायची, बायकोवर ओरडायचो. पुन्हा कुपवाडला गेलो तेव्हा बस्तीतल्या एका वयस्कर माणसाला विचारलं, असा नियम सोडायचा कसा? त्यांनी विचारलं, "कुणासमोर घेतला होता?" "अक्कांसमोर." "मग त्याच सांगू शकल्या असत्या," म्हणाले.

दोन महिने असे गेले. मग कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, "रक्तदाब आहे तुम्हाला. गोळी लिहून देतो. रोज सकाळी, ठरलेल्या वेळेला, न चुकता."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"आता जन्मभर," ते म्हणाले. लोकांचा चेहरा हे ऐकून पडतो म्हणे. मी हसलो. डॉक्टरांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. मुदत बांधून मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी आठला फोनचा गजर वाजला. अक्कांसाठी लावलेला तो मी अजून बंद केला नव्हता. गोळी घेतली, पाणी प्यायलो, आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर जाऊन उभा राहिलो. काही बोलायचं नव्हतं मला. तोंड आपोआप उघडलं. गॅसवर चहा उकळत होता. तिनं गाळणी खाली ठेवली, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडं फिरवलं.

"जीभ वर," म्हणाली.

मी वर केली. तिनं नीट बघितलं, डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"गेली," म्हणाली, आणि चहा गाळला.